भीतीच्या पुस्तकांवर वयाचा शिक्का नको: शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शिक्षणमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

नाव मुद्दाम लिहीत नाहीये. खुर्चीवरचा माणूस बदलतो, पण खुर्चीसमोर येणारी ही मागणी काही बदलत नाही. शाळेच्या लायब्ररीतली भुताखेतांची, खुनाची, पछाडलेल्या घरांची पुस्तकं मुलांच्या मनावर वाईट परिणाम करतात, ती काढून टाका, आणि काढता येत नसतील तर निदान कव्हरवर ८+, १२+, १६+ असा ठळक शिक्का तरी मारा. ही दुसरी मागणी ऐकायला एकदम समंजस वाटते ना? बंदी नाही, नुसती सूचना, कुणी विरोध करायचं कारण नाही, सही केली की मोकळं. म्हणूनच मला बंदीपेक्षा तिचीच जास्त धास्ती वाटते. बंदी आली की निदान आरडाओरडा तरी होतो.

मी शाळेच्या लायब्ररीत काम करते. पुस्तकं देणं-घेणं, फाटलेली चिकटवणं आणि मुलं कपाटासमोर उभी राहून काय काय करतात ते बघणं यातच दिवस जातो. आणि खरं सांगते, हॉररच्या कपाटासमोर मूल जितकं सावध असतं तितकं दुसऱ्या कुठल्याच कपाटासमोर नसतं. आधी कव्हर निरखतं, मग मागचा मजकूर वाचतं, मग मधलंच एखादं पान उघडून दोन ओळी चाखतं, मग शेजारच्याला विचारतं, "कुत्रा मरतो का रे शेवटी?" आणि मग एक तर पुस्तक घेऊन जातं नाहीतर गुपचूप परत ठेवून विनोदी काहीतरी उचलतं. इतकी चौकशी मोठी माणसं स्वतःच्या पुस्तकाचीसुद्धा करत नाहीत.

एकदा भुताच्या गोष्टींचं एक पुस्तक परत आलं तर आतल्या एका चित्रावर वहीचा कागद चिकटवलेला. पूर्ण नाही, फक्त वरच्या कडेला गोंद, म्हणजे झडपेसारखा उचलता येईल असा. वाचणारीला गोष्ट हवी होती, ते चित्र नको होतं, म्हणून तिने स्वतःपुरती सोय केली, आणि पुढच्याला बघायचं असेल तर त्याचीही वाट ठेवली. नियमाप्रमाणे पुस्तक खराब केलं म्हणून रागवायला हवं होतं. मी तो कागद तसाच राहू दिला. नंतर पुस्तक बऱ्याच जणांनी नेलं आणि आता त्या कागदाचा खालचा कोपरा बोटं लागून लागून काळा पडलाय. १२+ च्या शिक्क्याला हे कधीच जमणार नाही साहेब, कारण शिक्का अख्ख्या पुस्तकाला बसतो आणि मुलाला भीती वाटते ती एखाद्या पानाची.

बरं, कुठल्या वयाला कशाची भीती वाटते याचे आपले अंदाज किती कच्चे असतात बघा. मॉरिस सेंडॅकचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे चित्रपुस्तक १९६३ साली आलं. दात विचकणारे, नखं परजणारे अगडबंब प्राणी, आणि त्यांच्यावर राज्य करणारा एक उपद्व्यापी मुलगा. मोठ्यांना वाटलं, चिमुरडी रात्री दचकून उठतील. ब्रूनो बेटलहाइम हा त्या काळी अमेरिकेतला मोठा वजनदार बालमानसतज्ज्ञ, त्याने १९६९ मध्ये एका मासिकातल्या आपल्या सदरात या पुस्तकावर टीका केली, आणि तीसुद्धा पुस्तक स्वतः न वाचता, ऐकीव माहितीवर. पण त्याचा रोख राक्षसांवर नव्हताच. त्याला खटकलं होतं ते आईने मुलाला उपाशी झोपायला पाठवणं. आता पुस्तक न वाचता बोलणं चूकच, पण मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे, कारण चार-पाच वर्षांच्या मुलाला शिंगवाला राक्षस चालतो, आई रागावून निघून गेली तर मात्र चालत नाही. पुढे १९७६ मध्ये याच बेटलहाइमने परीकथांमधला अंधार मुलांना का हवा असतो यावर अख्खं पुस्तक लिहिलं. आणि सेंडॅकला त्या राक्षसांसाठी १९६४ सालीच कॅल्डेकॉट मेडल, म्हणजे अमेरिकेतला चित्रपुस्तकांचा मानाचा पुरस्कार, मिळून गेलं होतं.

नऊ-दहाच्या पुढे मामला बदलतो. या वयाच्या मुलांना भूत म्हणजे जवळजवळ खेळ असतो, घोळका करून वाचायचं, एकमेकांना घाबरवायचं आणि "मी नाही घाबरलो" म्हणायचं. पण त्यांना खरं वेड लागतं ते रहस्याचं. कुणी केलं, कसं केलं, आणि मला आधी का नाही कळलं! रहस्यकथेत एक सचोटी असते जी मला फार आवडते. रोनाल्ड नॉक्स नावाचा एक पाद्री होता, जो स्वतः डिटेक्टिव्ह कथा लिहायचा, त्याने १९२९ मध्ये अशा कथांचे दहा नियम केले. त्यातला एक असा की गुप्तहेराला सापडलेला धागादोरा लेखकाने वाचकापासून लपवायचा नाही. दुसरा असा की भुताटकी, चमत्कार असली पळवाट काढायची नाही. म्हणजे खुनाचं पुस्तक मुलाला शिकवतं काय, तर सगळ्यात गोड बोलणाऱ्यावरही जरा लक्ष ठेव, पुरावा बघ, आणि मागे जाऊन पुन्हा वाच. मागे जाऊन पुन्हा वाचायला लावणं आम्हाला धड्यांच्या बाबतीत वर्षानुवर्षं जमलेलं नाही.

तेरा-चौदानंतर भुतं आपोआप मागे पडतात आणि माणसं भीतीदायक व्हायला लागतात. विश्वासघात, घरातली गुपितं, जवळच्या कुणाचा तरी मृत्यू, आपल्याच डोक्यातले नको ते विचार. या वयातली मुलं डार्क पुस्तकं मागतात तेव्हा पालक घाबरून माझ्याकडे येतात की हिला झालंय तरी काय. बहुतेक वेळा काही झालेलं नसतं, ती मोठी होत असते. आणि कधीकधी खरंच काहीतरी झालेलं असतं, तेव्हा तर त्या पुस्तकाच्या निमित्ताने निदान बोलणं सुरू होतं. मेरी शेलीने 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला घेतलं तेव्हा, १८१६ साली, ती स्वतः जेमतेम १८ वर्षांची होती. मुडद्यांचे अवयव जोडून माणूस करणं आणि मग त्याची जबाबदारी झटकणं, हे तिला त्या वयात सुचलं. त्या वयाच्या वाचकाला ते झेपणार नाही असं आपण कुठल्या तोंडाने म्हणायचं?

मोठ्यांबद्दल फार लिहीत नाही. सत्तरीतली माणसंसुद्धा मोठ्या अक्षरातलं खुनाचंच पुस्तक मागतात आणि त्यांच्या मनावर काय परिणाम होईल हे कुणी विचारत नाही.

आता इतिहासाकडे या, कारण तुम्ही जे करायच्या विचारात असाल ते आधी कुणीतरी करून बसलेलं आहे. १९५४ साली अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने पुस्तक लिहून सांगितलं की हॉरर आणि क्राइम कॉमिक्समुळे मुलं बिघडतात. सिनेटच्या समितीसमोर सुनावण्या झाल्या, प्रकाशकांची घाबरगुंडी उडाली आणि सरकारने काही करायच्या आधी त्यांनीच स्वतःवर कॉमिक्स कोड नावाची नियमावली लादून घेतली. कव्हरवर शिक्का! शीर्षकात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द चालणार नाहीत, व्हॅम्पायर नाही, मानवलांडगा नाही, चालतं-फिरतं प्रेत नाही. चांगल्या चाललेल्या कॉमिक्स कंपन्या बसल्या. मग १९७१ मध्ये कोड सैल केला, आणि कसा, तर व्हॅम्पायर आणि मानवलांडगे चालतील, मात्र ते जुन्या अभिजात वळणाचे हवेत, म्हणजे ज्या मान्यवर लेखकांची पुस्तकं जगभर शाळांमध्ये वाचली जातात तसे. झोंबींच्या मागे असा कुणी प्रतिष्ठित लेखक नव्हता, त्यामुळे ते बिचारे बाहेरच राहिले. म्हणजे प्रश्न मुलाला किती भीती वाटते हा कधी नव्हताच, भूत खानदानी आहे का एवढंच बघायचं होतं! २०११ मध्ये उरलेसुरले प्रकाशकही बाहेर पडले आणि तो कोड संपला.

आणि वर्थमचं काय झालं ते तर ऐकाच. त्याची कागदपत्रं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये होती, ती २०१० मध्ये अभ्यासकांसाठी खुली झाली. कॅरल टिली नावाच्या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिकेने ती तपासली तर दिसलं की गड्याने मुलांची विधानं बदललेली, वेगवेगळ्या मुलांचं बोलणं एकाच्या तोंडी घातलेलं, सोयीचं ते ठेवून बाकीचं गाळलेलं. ज्या मुलांच्या नावावर एवढा गोंधळ घातला त्यांचं म्हणणंच नीट ऐकलं नव्हतं.

मोठी माणसं पुस्तकं साफ करायला बसली की काय छाटतात याचं अजून एक उदाहरण देते. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंचा लोककथांचा पहिला खंड १८१२ सालचा. त्यात लहान मुलं खाटीक-खाटीक खेळताना खरंच एकमेकांना मारतात अशी एक गोष्ट होती, ती १८१९ च्या आवृत्तीत गेली, ते एक वेळ समजू शकते. पण त्याच आवृत्तीत स्नो व्हाइटला मारायला निघालेली सख्खी आई सावत्र झाली. पुढे हॅन्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडून द्यायला लावणारी आईसुद्धा सावत्र झाली. चेटकिणीला भट्टीत ढकलणं मात्र आहे तिथेच राहिलं. भट्टी कुणाला खटकली नाही, सख्खी आई वाईट निघाली हे खटकलं. ही भीती मुलांची की आई-बापांची? वयाचा शिक्का मारायला समिती बसवाल ना, तेव्हा तीसुद्धा हेच करेल, स्वतःला जे वाचताना अवघडल्यासारखं होतं त्यावर १६+ लिहील.

ब्रिटनमध्ये २००८ साली प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकांवर ५+, ७+, ९+ असे आकडे छापायचं ठरवलं तेव्हा फिलिप पुलमनसकट कितीतरी बाललेखक विरोधात उभे राहिले. त्यांचं म्हणणं मी रोज काउंटरवर बघते. ज्या अकरा वर्षांच्या मुलाला वाचायला जड जातं, त्याच्या हातात ७+ लिहिलेलं पुस्तक दिलं तर तो ते वर्गात उघडणारच नाही. लाज वाटते हो. आता भीतीची पुस्तकं त्याच्या फार कामाची असतात, छोटी वाक्यं, पुढे काय होतं याची ओढ, ज्या मुलांनी कधी आपणहून पुस्तक मागितलं नाही ती याच कपाटापाशी पहिल्यांदा येतात, आणि नेमका तिथेच आपण आकडा छापायचा? उलट बाजूने, १६+ लिहिलं की बारा वर्षांचं मूल तेच आधी उचलणार, हे सांगायला मानसतज्ज्ञ नको.

मग काहीही कुणालाही द्यायचं का? नाही, अजिबात नाही. काही पुस्तकं अंधारी नसतात, नुसती क्रूर असतात, त्यात यातनांचं वर्णन चवीने केलेलं असतं आणि त्यापलीकडे हाती काही लागत नाही, तसली मी शाळेत घेतच नाही. स्वतःला इजा करण्याचे तपशील सांगणारं पुस्तक मी कपाटात उघड्यावर ठेवत नाही. आणि ज्याच्या घरी नुकतंच कुणी गेलंय त्याला स्मशानाची गोष्ट आपणहून सुचवत नाही, त्याने मागितली तर देते, पण जरा गप्पा मारून. हे सगळं करायला पुस्तक वाचलेलं असावं लागतं आणि मूल ओळखीचं असावं लागतं. आकड्याला यातलं काहीच येत नाही.

तर मागणं असं आहे. कव्हरवर आकडा नको. सूचना द्यायचीच असेल तर आतल्या पानावर साध्या भाषेत एक ओळ छापा, की या गोष्टीत पाळीव प्राणी मरतो, किंवा एक मुलगी हरवते आणि सापडत नाही. ज्याला हवं तो वाचेल. लायब्ररीचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांना पुस्तकं वाचायला कामाच्या वेळात वेळ द्या, सध्या वाचन घरी आणि नोंदी शाळेत असा उलटा कारभार असतो, आणि जिथे लायब्ररीचं काम ज्याचा तास रिकामा त्याच्या गळ्यात टाकतात तिथे तर विचारूच नका. पुस्तकाबद्दल तक्रार आली तर जरूर घ्या, पालकांना तो हक्क आहेच, पण तक्रार करणाऱ्याने पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं असावं, एका पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो चालणार नाही, आणि निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहावं. स्वतःच्या मुलाला ते पुस्तक देऊ नका असं पालकांनी सांगितलं तर मी एका शब्दाने वाद घालणार नाही. बाकीच्यांच्या मुलांचं मात्र त्यांनी ठरवू नये.

आणि कुठल्याही समितीत जमलं तर दोन-चार मुलं घ्या. ती तुम्हाला सांगतील की कुठलं पुस्तक रात्री वाचायचं आणि कुठलं फक्त दुपारी. माझ्याकडे अशी एक यादी मुलांनीच कपाटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवलीय, अधूनमधून खाडाखोड होते, वाद होतात, कुणीतरी खाली लिहून जातं "एवढं पण भारी नाहीये". माझ्या मते ती बरीचशी बरोबर आहे.

फाइल समोर आली की सही करण्याआधी तक्रारीच्या यादीतलं कुठलंही एक पुस्तक पूर्ण वाचा एवढीच विनंती. वेळ नसतो हे माहीत आहे, पण ही बहुतेक दीडशे पानांच्या आतली असतात आणि एकदा धरली की सुटत नाहीत. भीती वाटलीच तर कुठल्या पानावर वाटली तेवढं कळवा, मी मुलांना विचारून ठेवते.

आपली,
शाळेतली एक ग्रंथपाल