कबुतर संपलं, होला टिकला

सिनसिनाटी, ओहायो

ती. आबांस,
सा. न.

द्राक्षांची खरड छाटणी आटोपली का? इथे माझ्या खिडकीतल्या कुंडीत मोर्निंग डव्हनं, म्हणजे आपल्या होल्याच्याच कुळातल्या पाखरानं घरटं केलंय. विरळ काड्या नुसत्या आडव्यातिडव्या टाकलेल्या, मधून माती दिसते, आणि त्यावर दोन पांढरीशुभ्र अंडी. दिवसा नर बसतो, संध्याकाळी मादी येते.

त्याच्यासारखंच दिसणारं, पण चांगलं थोराड असं पॅसेंजर पिजन नावाचं कबुतर इथे होतं. एकेकाळी ३०० ते ५०० कोटी असावीत, असा अंदाज आहे. १८१३ साली ऑडुबॉन या पक्षिचित्रकारानं केंटकीत पाहिलेले थवे तीन दिवस आभाळ झाकून जात होते. १८५७ मध्ये याच ओहायोच्या विधिमंडळ समितीनं लिहून दिलं की या पक्ष्याला संरक्षणाची गरजच नाही. आणि १ सप्टेंबर १९१४ ला याच गावच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची शेवटची मादी मेली. अवघी ५७ वर्षं, आबा! वाचून अंगावर काटा आला.

जंगलं तुटली हे खरंच, पण घात केला तो तारायंत्रानं आणि रेल्वेनं. थवा कुठे उतरला की तार जायची, पुढच्या गाडीनं शिकारी हजर. मारलेली पाखरं पिंपं भरभरून शहरांच्या बाजारात. ही कबुतरं वीण घालायची हजारो-लाखोंच्या वसाहतीत, घरट्यात अंडं एकच. वसाहत उधळली की त्या वर्षीची पिल्लं गेलीच.

होल्याला थवा लागत नाही. एक जोडी, एक कुंडी, वर्षातून कितीतरी विणी. कापणी झालेल्या शेतात सांडलेले दाणे त्याला पुरतात. आजही दरवर्षी लाखो मारले जातात, तरी इथे तारेतारेवर होला आहे.

मला मात्र गिधाडं आठवत राहतात. तुमच्या लहानपणी मेलेल्या जनावरावर त्यांची झुंबड उडायची, असं तुम्हीच सांगायचात. त्यांनाही कुणी मोजत नव्हतं. नव्वदच्या दशकात गुरांना टोचायच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधानं, मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात जाऊन, ती पटापट मेली. २००६ पासून जनावरांसाठी ते बंद आहे, तरी आपल्या गोठ्यात डॉक्टर काय टोचतात ते विचारा, त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे औषध चालतं. आणि दादाला घेऊन अंजनेरीला जाऊन या. कड्यावर किती गिधाडं दिसली, ते मला नक्की कळवा. आईला नमस्कार.

तुमची,
मनू