लोकेशन बंद केलंस, ठीक आहे

ऐरोली, रविवार

चि. मनू,

शुक्रवारपासून मॅपवर तू दिसत नाहीस. मुद्दाम फोन केला नाही, पुन्हा जुंपली असती. तुला १८ पूर्ण झाली, हक्क तुझाच. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, हे तू मला सुनावलंस तेव्हा राग आला आणि बरंही वाटलं. म्हणून लोकेशनबद्दल एक अक्षर लिहिणार नाही.

पीजीवाल्या काकू आधारची झेरॉक्स मागतील. मास्क्ड आधार दे, त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात, शेवटचे ४ दिसतात. कॉपीवर तारीख, कुणाला, कशासाठी ते लिही, पण कोपऱ्यात नको, कोपरा कापून पुन्हा झेरॉक्स निघते. मजकुरावरूनच आडवं लिही. दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडलंस तर निघताना फोनमधल्या लिंक्ड डिव्हायसेसमधून तो काढून टाक. नुसतं ब्राउझर बंद केलं तर लॉगिन तसंच राहतं. डाउनलोड झालेली फाइल उडव, रिसायकल बिनमधूनही.

फोनला ६ आकडी पिन ठेव, जन्मतारीख सोडून. आजीचा १२३४ अख्ख्या सोसायटीला पाठ आहे! फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर ठिकाणाची नोंद गळते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती सोबत जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच लोकेशन बंद कर. बघ, फिरून तिथेच आले.

लेक्चर झालं, सॉरी. सहावीत तू दादाच्या कपाटाला पडदा बांधून कोपरा केलास, आत्या म्हणाली, "एवढीशी पोर, काय लपवते?" मी म्हटलं, लपवत काही नाही, पण तिला रडायलाही जागा नको का? तेव्हापासून बाबासुद्धा हाक मारूनच आत यायचे. वन-बीएचकेत तू स्वतःपुरती जागा मिळवलीस, याचं मला फार कौतुक आहे. तुला कधी सांगितलं नाही.

तरी एक सांगतेच. रात्री रिक्षात बसलीस की व्हॉट्सॲपवर १ तासाचं लाइव्ह लोकेशन दे. १५ मिनिटांचं ट्रॅफिकमध्येच संपतं, ८ तासांचं दिलंस तर मी रात्रभर तेच बघत बसेन. तास झाला की आपोआप बंद होतं. मला नको असेल तर रेवाला दे. दादाला दे. कुणाला तरी दे गं.

कुणी फोटोवरून धमकावलंच तर पैसे द्यायचे नाहीत आणि चॅट पुसायचं नाही, तोच पुरावा. स्क्रीनशॉट काढायचे, नंबर आणि प्रोफाइलची लिंक टिपायची, सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करायचा. मला आधी सांगितलं नाहीस तरी चालेल. नाही, सांगच.

शनिवारी येणार असशील तर वाशीला उतर, बाबा घ्यायला येतील. निघालीस की मेसेज कर, लोकेशन नको. चार्जर दादाबरोबर पाठवते आहे.

तुझी,
आई