खाजगीत बोलायचं ते ग्रुपवर आणि ग्रुपवर बोलायचं ते खाजगीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमध्ये इंदिरानगरला राहते. मुलगी अकरावी सायन्सला आहे, मुलगा सातवीत, आणि मुलाच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघात मी आहे, त्यामुळे शाळेचे, क्लासचे, व्हॅनचे असे ढीगभर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप माझ्या फोनमध्ये आहेत. ते रोज वाचून एक गोष्ट माझ्या लक्षात आलीये आणि ती मला शांत बसू देत नाही. शिक्षकाचं मुलांशी जे बोलणं दोघातिघांत व्हायला हवं ते आपण ग्रुपवर चारचौघांसमोर करतोय, आणि जे सगळ्यांसमोर व्हायला हवं ते रात्री पर्सनल मेसेजवर चाललंय. दोन्हीकडे भोगतंय पोरगंच.

आधी ग्रुपचं सांगते. एका शाळेच्या ग्रुपवर फी बाकी असलेल्या मुलांची यादी नावांसकट पडली. मेसेज पालकांसाठी होता हे खरं, पण निम्म्या घरात आईचा फोन पोरांच्याच हातात असतो ना, अभ्यास त्याच्यावरच येतो, तर ती यादी संध्याकाळपर्यंत सगळ्या वर्गाने वाचली. त्यातल्या एका मुलाचे वडील सातपूरच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, दोन-दोन महिने पगार थकतो, त्या मुलाने दुसऱ्या दिवशी पोटात दुखतं सांगून शाळेला दांडी मारली. आता फी हा शाळेचा आणि आईबापाचा व्यवहार, त्यात बारा वर्षांच्या मुलाचा काय संबंध? तसंच युनिट टेस्टच्या मार्कांचं. पूर्ण तक्त्याचा फोटो, नाव, मार्क, आणि नापास झालेल्यांच्या नावाखाली लाल रेघ. तसंच "अमुकची वही परत अपूर्ण, पालकांनी लक्ष द्यावे" असं नाव घेऊन. मॅडमना वाटत असेल आपण पालकांना कळवलं, जबाबदारी पार पाडली, पण वर्गातल्या प्रत्येक घरात तो मुलगा त्या दिवशी 'वही अपूर्ण असलेला' झाला आणि मुलं अशी लेबलं वर्षभर विसरत नाहीत.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, त्याच्या १७ व्या कलमात मारण्यासोबत मानसिक छळालाही बंदी आहे. आपण छडी गेली एवढंच धरून बसलो. छडी गेली हे चांगलंच झालं, पूर्वी सगळं छान होतं असं मी अजिबात म्हणणार नाही, आमच्या पिढीने हातावरचे वळ बघितलेत. पण सगळ्यांसमोर लाज काढणं हीसुद्धा शिक्षाच आहे आणि फोनमुळे ती वर्गाच्या बाहेर, नातेवाइकांपर्यंत जाते. क्लासेसचंही तेच. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात स्पष्ट आहे की टेस्टचे निकाल जाहीर करायचे नाहीत, मुलाची तयारी कुठे कमी पडतेय हे बघायला वापरायचे. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या काळजीपोटी सांगितलं की मार्कांवरून बॅचेस पाडणं आणि मुलांना चारचौघांत अपमानित करणं टाळा, आणि १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक ठेवा. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडला एक चक्कर मारा, टॉपर्सचे फ्लेक्स पावलोपावली दिसतील, समुपदेशकाची खोली कुठल्या क्लासमध्ये आहे ते विचारून बघा.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त घाबरवते.

मुलीची एक मैत्रीण आहे, दिंडोरीकडची, घरी द्राक्षबाग, इथे गंगापूर रोडला पीजीमध्ये राहून क्लास करते. तिच्या क्लासमधले एक सर तिला रात्री मेसेज करायचे. सुरुवात डाउटपासून, म्हणजे तिनेच न्यूमरिकलचा फोटो पाठवला होता आणि सरांनी छान समजावून सांगितलं. मग "झोपलीस का". मग "आज गप्प गप्प होतीस". मग "डीपी छान आहे". बास, एवढंच. यात एकही शब्द असा नाही की जो घेऊन कुणी ऑफिसमध्ये जाईल आणि तक्रार करेल, आणि खरी अडचण तीच आहे. तिने माझ्या मुलीला विचारलं, रिप्लाय नाही दिला तर चालेल का गं? मुलीने मला विचारलं. सोळा वर्षांच्या पोरीला हा प्रश्न पडतो कारण टेस्टवरून बॅच ठरवणारे तेच, कमी पडली तर घरी फोन करणारे तेच, आणि ऑक्टोबर छाटणी चालू असली की तिच्या वडलांना बाग सोडून मीटिंगला यायला जमत नाही, म्हणजे नाशकात तिच्यासाठी मोठं माणूस म्हणाल तर तेच सर. तिने नाही म्हणायचं कुणाच्या जोरावर?

सरांच्या मनात काय होतं मला माहीत नाही आणि मी त्यांच्यावर आरोप करत नाहीये. मला म्हणायचंय ते असं, की मनात काय होतं हे शोधत बसायची वेळच येऊ नये. क्लासचा एक साधा लेखी नियम असता, की अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना शिक्षकाने पर्सनल नंबरवरून मेसेज करायचा नाही, तर "झोपलीस का" हा पहिला मेसेजच नियमाबाहेर होता. तिला काही सिद्ध करावं लागलं नसतं, चांगला-वाईट हेतू यावर चर्चा झाली नसती, कुणाचं चारित्र्य मध्ये आलं नसतं. आणि जे शिक्षक खरोखर तळमळीने रात्री डाउट सोडवतात त्यांच्यावर उद्या कुणी खोटंनाटं बोट दाखवलं तर त्यांनाही हाच नियम वाचवेल, कारण त्यांचं प्रत्येक उत्तर सगळ्यांना दिसेल असं ग्रुपवर असेल.

काही शिक्षक म्हणतील की सगळ्यांसमोर बोललं तर जिव्हाळा राहत नाही. तसं नाही. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते आणि तिथलं वसतिगृह सांभाळत होते तेव्हा ते मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. त्यांना मुलांना जे सांगायचं असे ते त्यात, आणि वाचणार सगळं वसतिगृह. त्यांच्याइतका जीव मुलांना किती शिक्षकांनी लावला असेल? जिव्हाळ्याला आडोसा लागतोच असं नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराचं जे प्रकरण झालं त्यानंतर शासनाने शाळांना महिनाभरात सीसीटीव्ही बसवा म्हणून सांगितलं, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असायची ती सखी सावित्री समिती यांची परत आठवण करून दिली. कॅमेरे हवेतच. पण कॅमेरा व्हरांड्यात बघतो, फोनमध्ये काय चाललंय ते त्याला दिसत नाही. आणि सखी सावित्री समिती तर २०२२ च्या शासन निर्णयापासून आहे, आमच्या ओळखीच्या किती पालकांना तिच्यात कोण आहे हे सांगता येईल? ते नावांसकट गेटवर लावायला काय लागतं?

मार्कांचा धाकही यातच येतो. दहावीला भाषांना ८० लेखी आणि २० अंतर्गत, बारावीला फिजिक्स-केमिस्ट्रीला ३० मार्कांचं प्रॅक्टिकल. हे मार्क ज्याच्या हातात, त्याच्याच घरी संध्याकाळी ट्युशन असेल तर पालक काय करणार, घालतात पोराला ट्युशनला. शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमाने शाळेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला बंदी आहे, तरी ट्युशन बायकोच्या किंवा भावाच्या नावावर चालते हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही कारण पोरगं अजून त्यांच्याच हाताखाली आहे. सगळेच शिक्षक असं करतात असं नाही, बहुतेक नाहीच करत. पण जो करत नाही त्यालाही त्याच नजरेने बघितलं जातं, हा त्याच्यावर अन्याय आहे.

नणंद सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत शिकवते, तिच्याशी बोलताना मला कळलं की तिथे हा विषय आणखी अवघड आहे. मूल घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतं, शाळेत येऊन मराठी, पहिली-दुसरीची पोरं आईबापापासून लांब, चोवीस तास शिक्षक आणि अधीक्षक हेच सगळं. फोन नाहीच, मग मेसेजचा प्रश्न नाही, पण त्या मुलाने काही सांगायचं म्हटलं तर सांगायचं कुणाला आणि कुठल्या भाषेत? ती म्हणाली मी आधी मुलांचे पाच-पन्नास कोकणा शब्द शिकले, दुखणं, भीती, भूक, मारणं असले, कारण पोरगं रडायला लागलं की मराठी विसरतं. हे तिला कुठल्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या नाशिकमध्येच आहे, तिथल्या साहेबांनी हे पत्र वाचलं तर एवढंच बघावं की नव्या शिक्षकाच्या ट्रेनिंगमध्ये हे घालता येईल का.

मग मुलाने एकट्याने येऊन काही सांगूच नये का? सांगावं, जरूर सांगावं, आणि शिक्षकाने शांतपणे ऐकावं. ते बोलणं ग्रुपवर नाही होणार, दोघांतच होणार, फक्त दार उघडं असावं आणि स्टाफरूममध्ये कुणाला तरी माहीत असावं की मी अमक्या मुलाशी बोलतेय. पण "मी कुणालाही सांगणार नाही" हे वचन शिक्षकाने देऊ नये. कारण मुलाने लैंगिक त्रासाचं काही सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने दडपलं तर जास्त, एक वर्षापर्यंत. बऱ्याच शिक्षकांना वाटतं की हेडमास्तरांना सांगितलं, आपलं काम संपलं. नाही संपत. मुलाला असं सांगता येतं की बाळा, तू मला सांगितलंस ते बरं केलंस, मी तुझ्यासोबत आहे, पण मदत करणाऱ्या माणसांना हे सांगावं लागेल. वचन देऊन मोडलं की ते मूल पुन्हा कुठल्याच मोठ्या माणसाकडे येत नाही. आणि १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक वर्गात मुलांच्या उंचीवर लिहिलेला पाहिजे, ऑफिसच्या भिंतीवर नको.

शिक्षकांची बाजूही मला सांगायचीये, कारण पालक म्हणून आपण काही कमी नाही. रात्री अकराला "मॅडम उद्या डबा काय द्यायचा" असे मेसेज मी बघितलेत, आणि सकाळी सातला "अजून उत्तर नाही" असा दुसरा. वर्गात पन्नास-साठ मुलं, त्यात निवडणुकीची ड्युटी, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं, आणि मुलांनी मॅडमच्या डीपीचा स्क्रीनशॉट काढून त्याचं मीम केलं तर "पोरं आहेत हो, चालायचंच" म्हणून हसणारे पालक. नाही चालायचं. ज्या नियमाने मुलीला रात्री मेसेज येऊ नये तोच नियम मॅडमनाही लागू व्हायला हवा. संध्याकाळी सातनंतर शाळेचा ग्रुप बंद, कुणीच कुणाला नाही.

मुलीच्या नववीच्या गणिताच्या मॅडमचं एक सांगते. त्या एका मुलावर वर्गात खूप चिडल्या, कॉपी केलीस म्हणाल्या, आणि नंतर कळलं की त्याने केलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, काल मी तुला सगळ्यांसमोर बोलले, चूक माझी होती, म्हणून सगळ्यांसमोरच सॉरी म्हणते. त्या वर्गातली पोरं आजही त्यांना भेटायला जातात. बोलण्याची जागा कुठली हे त्या बाईंना बरोबर कळलं होतं.

मी आमच्या पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत एक कागद मांडणार आहे. मेसेज फक्त शाळेच्या नंबरवरून आणि ग्रुपवर, प्रत्येक ग्रुपवर दुसरे एक शिक्षक असतीलच, एकट्या मुलाला कळवायचं असेल तर पालकही त्यात, मार्क ज्याचे त्याला, फीचं बोलणं फक्त पालकांशी फोनवर, इन्स्टावर मुलांना फॉलो करायचं नाही, एकट्या मुलाला गाडीवर लिफ्ट नाही, आणि हे सगळं शिक्षक, पालक आणि आठवीच्या पुढची मुलं तिघांच्या सह्या घेऊन. मुलांच्या सह्या का, तर त्यांना पण वाचून कळू दे की काय चालत नाही, म्हणजे पुढच्या मुलीला "रिप्लाय नाही दिला तर चालेल का" असं विचारावं लागणार नाही.

नाशकात किंवा जिल्ह्यात निफाड, सिन्नर, कळवण कुठेही एखाद्या शाळेने किंवा क्लासने असे नियम आधीच केले असतील तर त्यांनी ते तुमच्या पेपरकडे पाठवावेत आणि तुम्ही छापावेत ही विनंती. आम्हाला नव्याने लिहायला लागू नये आणि त्यांना अनुभवातून काय बदलावं लागलं तेही कळेल.

आपली,
एक पालक
इंदिरानगर, नाशिक