रोमँटिक काळातली शहरं पण दाखवा की!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत रोमँटिक काळातल्या, म्हणजे साधारण अठराव्या शतकाच्या अखेरच्या आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीच्या, इंग्लिश जलरंगांवरचा लेख वाचला. छानच होता, पण सगळा निसर्गचित्रकार टर्नर, धुकं, डोंगर नि समुद्र यावरच, शहरात राहणारी माणसं त्यात कुठे दिसलीच नाहीत आणि तेच मला खटकलं.

त्याच काळात लंडनमध्ये टॉमस रोलँडसन गर्दी रंगवत होता हो! लंडनमधल्या करमणुकीच्या बागेचं त्याचं १७८४ चं 'व्हॉक्सहॉल गार्डन्स' हे चित्र बघा. वर सज्जात गायिका गातेय, खाली नटूनथटून आलेले लोक, पण निम्म्यांचं गाण्याकडे लक्षच नाही, कोण कोणाबरोबर आलंय हे बघण्यातच सगळे गुंतलेत आणि एका बाजूला काहीजण निवांत जेवतायत. बोरूने शाईची रेघ ओढायची आणि वर पातळ रंगाचे अगदी हलके थर (वॉश) द्यायचे, ही त्याची पद्धत. रेघ थरथरते म्हणून तर माणसं हलल्यासारखी वाटतात. त्याला नुसता व्यंगचित्रकार म्हणून बाजूला सारतात ते मला अजिबात पटत नाही, माणसाची चाल आणि बसणं-उठणं इतकं नेमकं पकडणारे फार थोडे.

पुढे १८०८ ते १८१० मध्ये अ‍ॅकरमन या प्रकाशकाने 'मायक्रोकॉझम ऑफ लंडन' काढलं, त्यात १०४ चित्रं, इमारती प्युजिन या चित्रकाराने काढलेल्या आणि माणसं रोलँडसनने. बाजार, कोर्ट, थिएटर, तुरुंग, सगळं आहे त्यात. छापून झाल्यावर त्यात रंग हाताने भरायचे.

आणि जॉर्ज शार्फ! हा चित्रकार जर्मनीतल्या बव्हेरियाचा, १८१६ मध्ये लंडनला आला आणि रस्त्यावर जे दिसेल ते काढत सुटला, फेरीवाले, अंगावर जाहिरातींच्या पाट्या अडकवून फिरणारी माणसं, दुकानं, पाडापाडी चाललेल्या जुन्या इमारती. त्याची हजारावर चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तेव्हा फोटो नव्हते, त्यामुळे साधी माणसं रस्त्यात कशी दिसायची हे आपल्याला अशाच कागदांवरून कळतं.

तेव्हा विनंती एवढीच की रोलँडसन आणि शार्फ या दोघांवर एक वेगळा लेख द्या आणि 'व्हॉक्सहॉल' निदान अर्धं पान रंगीत छापा, छोट्या चौकटीत ती गर्दी दिसणारच नाही.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली