मालेगावसाठी अपील करा, मुदत संपत आली आहे

नाशिक, 20 ऑगस्ट 2025

मा. श्री. अमित शहा,
केंद्रीय गृहमंत्री, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

2008 च्या मालेगाव बॉम्बस्फोटाचा निकाल 31 जुलैला लागला, सातही आरोपी निर्दोष सुटले. राष्ट्रीय तपास संस्था (एनआयए) कायद्याच्या कलम 21 प्रमाणे अपिलाला 30 दिवस मिळतात. सबळ कारण दाखवलं तर फार तर एकूण 90. त्यातले तीन आठवडे गेले.

सुटलेल्यांना गुन्हेगार ठरवायला मी हे लिहीत नाही, तो अधिकार न्यायालयाचा. पण त्याच न्यायालयानं स्फोट झाल्याचं सिद्ध मानलं आहे. बॉम्ब घटनास्थळी सापडलेल्या मोटारसायकलमध्येच होता, हे मात्र सरकारी पक्षाला शाबीत करता आलं नाही. मग तो ठेवला कोणी?

29 सप्टेंबर 2008. रमजानची रात्र, साडेनऊचा सुमार, ईद तोंडावर आलेली, भिक्कू चौकात माणसांची वर्दळ. सहा जीव गेले. त्यात एक दहा वर्षांची मुलगी होती, खाऊ आणायला घराबाहेर पडलेली. जखमींची संख्या शंभराच्या घरात. मालेगाव आमच्याच जिल्ह्यातलं. यंत्रमागावर पोट असलेल्या माणसांनी रोजी बुडवून मुंबईच्या कोर्टात सतरा वर्षं खेटे घालायचे आणि शेवटी कोणीच दोषी नाही, एवढंच ऐकून परत यायचं?

साक्षीदार उलटले, तेही तीसहून जास्त. दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवलेले मूळ जबाब गहाळ झाले. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचा (एटीएस) तपास एक सांगतो, 2011 नंतर एनआयएचा तपास दुसरंच. या कशाचीच जबाबदारी मेलेल्यांच्या नातेवाइकांवर येत नाही. 2006 च्या मालेगाव स्फोटांतही आधी पकडलेले तरुण पाच-पाच वर्षं तुरुंगात काढून 2016 मध्ये दोषमुक्त झाले होते. एकाच गावाच्या वाट्याला हे दोनदा आलं.

मुंबई लोकल स्फोटांत उच्च न्यायालयानं 21 जुलैला बारा जणांना सोडलं, तर राज्य सरकारनं दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालय गाठलं. योग्यच केलं. मालेगावच्या मृतांसाठी ती घाई कुठे दिसत नाही, आणि हा फरक आमच्या डोळ्यांत खुपतो.

एनआयए आपल्या खात्याची. मुदतीत अपील दाखल करण्याचा आदेश द्या. करणार नसाल, तर कारणं लेखी जाहीर करा, म्हणजे त्या कुटुंबांना स्वतःच्या हिमतीवर उच्च न्यायालयात जायला वेळ तरी उरेल. आणि न्यायालयानं ठरवलेली भरपाई, मृतांच्या वारसांना 2 लाख आणि जखमींना 50 हजार, त्यांना सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायला न लावता घरपोच द्या.

आपला,
नाशिकचा एक नागरिक