सदतिसाव्या शॉटनंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडापानाची मी जुनी वाचक आहे. एखादी खेळाडू अगदी शेवटी चुकली की बातमीत एक वाक्य हमखास येतं: ‘तिला दडपण पेलता आलं नाही.’ हेच वाक्य एकदा माझ्याबद्दल छापून आलं होतं. त्याबद्दल कधीतरी लिहायचं, असं बरीच वर्षं मनात होतं.

मी दहा मीटर एअर पिस्तूल खेळायचे, आता मुलामुलींना शिकवते. त्या काळी महिलांची मॅच 40 शॉटची असे. 2018 पासून ती पुरुषांइतकीच, 60 शॉटची झाली. एका निवड स्पर्धेत माझे 37 शॉट झाले होते. संघात येण्यासाठी उरलेल्या तिन्ही शॉटना दहापैकी नऊ-नऊ गुण मिळाले तरी पुरत होतं. सरावात नऊ ही माझ्यासाठी साधी गोष्ट होती. मी मारले आठ, सात आणि आठ.

पिस्तूल उचललं तेव्हा नाडीच्या ठोक्यागणिक फ्रंट साइट, म्हणजे नेम धरायची नळीच्या टोकावरची खूण, हलताना दिसत होती. मग मी बोटाला सूचना द्यायला लागले. हळू दाब, घाई नको, आता थांब. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान 500 ग्रॅमचा दाब लागतो. तो दाब माझ्या बोटानं त्याआधी हजारो वेळा मला न विचारता दिला होता. त्या दिवशी मी मध्ये पडले आणि बोट बिचकलं. जिना उतरताना एकेक पाऊल निरखायला लागलं की माणूस अडखळतो ना, अगदी तसं. अंगात मुरलेलं कसब असंच मोडतं, आणि ते बहुधा खूप काळजी घेतल्यामुळे मोडतं. म्हणून ‘ती कमकुवत मनाची आहे’ असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

अमेरिकेचा रायफल नेमबाज मॅथ्यू एमन्स 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये शेवटच्या शॉटआधी तीन गुणांनी पुढे होता. त्यानं तो शॉट शेजारच्या खेळाडूच्या लक्ष्यावर मारला. गुण शून्य, क्रमांक आठवा. स्वतःला शांत करण्याच्या नादात आपल्या लक्ष्याचा क्रमांक बघायचाच राहिला, असं त्यानं नंतर सांगितलं. 2008 ला बीजिंगमध्ये तो पुन्हा आघाडीवर होता आणि शेवटच्या शॉटला 4.4 गुणच मिळाले. मी विद्यार्थ्यांना हे सांगते तेव्हा त्याच्या चुकीपेक्षा पुढचं सांगते: तो 2012 ला लंडनमध्ये पुन्हा उभा राहिला. शेवटचा शॉट तिथेही फसला, 7.6 चा गेला, तरी तो कांस्यपदक घेऊन परतला.

मला सगळे ‘घाबरू नकोस’ म्हणायचे. प्रेमानंच म्हणायचे. पण भीतीला आदेश कळत नाही. धोक्याची सूचना मेंदूत इतक्या झटकन पसरते की विचार जागा होईपर्यंत शरीर सावध झालेलं असतं. हृदयाचे ठोके मंद करणारी बीटा-ब्लॉकर औषधं आमच्या खेळात प्रतिबंधित आहेत, आणि ते योग्यच आहे. शिवाय त्यांनी ठोके शांत झाले असते, माझी भीती कशाची होती ते मला कळलं नसतं.

ते कळलं खेळाडूंच्या मनावर काम करणाऱ्या एका बाईंमुळे. त्यांनी धीर दिला नाही, सल्लाही दिला नाही. एवढंच विचारलं, ‘सदतीस आणि अडतीसच्या मध्ये काय ऐकलंस?’ मी म्हणाले, काही नाही. त्या थांबून राहिल्या. बऱ्याच वेळानं मला आठवलं: मागे खुर्ची सरकल्याचा आवाज. माझे बाबा प्रत्येक मॅचला मागे बसत. ते मला कधी रागावले नाहीत. पण बाराव्या वर्षी मी पहिली मॅच हरले, तेव्हा घरी पोहोचेपर्यंत ते एक शब्दही बोलले नव्हते. मला वाटायचं मी लक्ष्य चुकण्याला भिते. माझं शरीर मात्र इतकी वर्षं परतीच्या वाटेवरच्या त्या शांततेला भीत होतं.

नुसतं कळल्यानं भीती गेली नाही, हेही सांगायला हवं. पुढचे अनेक महिने सराव करताना आम्ही माझ्या मागे एक रिकामी खुर्ची ठेवली. मग तिच्यावर एक मैत्रीण गप्प बसू लागली. मग कुणीतरी मध्येच खुर्ची सरकवायचं, मी दचकायचे, पिस्तूल खाली घ्यायचे, पुन्हा उचलायचे. शेवटी बाबा येऊन बसले. 1924 मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाबद्दल लिहिलं होतं. तो आवडीचं खात असताना ससा दिवसेंदिवस थोडाथोडा जवळ आणला, आणि अखेर मुलानं त्याला हात लावला. माझी खुर्ची म्हणजे तो ससाच होता.

बाबांशी मी त्या शांततेबद्दल बोललेही. ते म्हणाले, ‘मला काय बोलावं ते सुचत नव्हतं गं.’ इतकी वर्षं मी त्याचा अर्थ वेगळाच लावला होता.

लांब उच्छ्वास सोडला की ठोके खरोखर मंदावतात. ते मी शिकवते. ‘मी घाबरले’ऐवजी ‘मला हुरूप आलाय’ असं स्वतःला सांगण्याचाही काही जणांना फायदा होतो, संशोधक अलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014 च्या प्रयोगांत तो दिसला होता. मला त्याचा उपयोग झाला नाही, माझ्या एका विद्यार्थिनीला खूप झाला. पण पालकांनी आणि प्रशिक्षकांनी आधी विचारावं, मग उपाय सांगावा. आणि कौशल्याचा सराव घेता तसाच भीतीचाही घ्यावा, मॅचच्या आदल्या रात्री नव्हे, कित्येक महिने आधीपासून.

आपल्या वार्ताहरांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी एखादी सोळा वर्षांची मुलगी शेवटचा शॉट आठ मारून बाहेर येईल, तेव्हा ‘दडपण’ हा शब्द लिहिण्याआधी तिला, तिची तयारी असेल तर, विचारा: त्याआधी तू काय पाहिलंस, काय ऐकलंस? ती लगेच सांगू शकणार नाही. थोडं थांबा.

कळावे,
एक नेमबाजी प्रशिक्षक