रंग सगळ्यात शेवटी

ती. आई-बाबा,
सा. न.

माझ्या जुन्या डिझेल ट्रकचा परवाचा फोटो बघून बाबा म्हणाले, "आठ महिने झाले आणि गाडी घेतली तेव्हापेक्षा वाईट दिसतेय." आई, तू काही बोलली नाहीस, पण फोन ठेवता ठेवता "पैसे पुरतायत ना गं?" एवढं विचारलंस. दोन्ही वाक्यं दिवसभर डोक्यात राहिली. फोनवर हे सगळं धड सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुम्ही म्हणता ते खरं आहे. पुढचे दोन्ही मडगार्ड काढून ठेवलेत, दारांवर तांबडा प्रायमर आहे, बॉनेट भिंतीला टेकवलंय. पण या आठ महिन्यांतलं जवळजवळ सगळं काम फोटोत न दिसणाऱ्या जागी झालंय. आणि पैशांचं म्हणाल तर, जेवढ्याला ट्रक घेतला तेवढीच रक्कम पहिल्याच दिवशी दुरुस्तीसाठी वेगळी काढली होती. तिच्यातला पाचवा हिस्सा अजून मोडलेला नाही. प्रत्येक नट-बोल्ट वहीत लिहिलेला आहे. आई, तू महिन्याचा हिशोब ज्या पद्धतीने मांडतेस, तशीच ती वही आहे.

सुरुवात चासीपासून, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यापासून केली. गोल डोक्याची लहान हातोडी घेतली आणि पुढच्या टोकापासून दर चार बोटांवर ठोकत मागे गेले. लोखंड निरोगी असेल तर टणकन वाजतं. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या जिथे टांगलेल्या असतात त्या हँगरपाशी आवाज बदलला, बद्द झाला. पुन्हा एक ठोका दिला आणि हातोडीचं डोकं आत गेलं. वरचा काळा रंग मात्र अगदी ताजा, चकचकीत होता. आधी कुणीतरी गंज न काढता वरून जाड थर फासला होता आणि त्याच्याआड लोखंड कुजत गेलं होतं. बाबा, म्हणूनच मी रंगाला हात लावत नाही. रंगाखाली काय आहे याची खात्री होईपर्यंत रंग लावायचा नाही, हे त्या दिवशी नक्की केलं.

कुजलेला भाग स्वच्छ लोखंड लागेपर्यंत कापला आणि तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा बसवला. हे वेल्डिंग मी स्वतः केलं नाही. पत्र्याच्या दारावर हात बसवायला मी तयार आहे, पण चासीवर सगळा भार असतो, तिथे शिकाऊ हात नको. म्हणून मनाजोगा वेल्डर मिळेपर्यंत थांबले आणि त्याला मागेल तेवढे पैसे दिले. वहीतला सगळ्यात मोठा आकडा तोच आहे, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. सांधे थंड झाल्यावर चासीच्या पोकळीत आतून मेणाचा फवारा मारला, म्हणजे आत ओल धरणार नाही.

त्यानंतर ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्याची वाफ होते आणि पेडल तळाला जातं. माझ्या गाडीतलं ऑइल काळ्या कॉफीसारखं निघालं. सगळ्या नळ्या बदलल्या, आणि साध्या लोखंडी न घालता तांबे-निकेलच्या घातल्या. त्या गंजत नाहीत आणि हातानेही वाकवता येतात, त्यामुळे मजुरी वाचली. इथे काटकसर करायचीच नाही, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

आता इंजिनाचं. हे जरा सविस्तर सांगते, कारण सगळं बजेट इथेच बुडणार होतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वीस-बावीसपट दाबली की ती इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा मारताच ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची १८९७ मध्ये आउग्सबुर्गला चाचणी झाली, तेव्हा इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णतेचं काम झालं होतं. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने हे फारच पुढचं होतं, आणि सगळा खेळ त्या दाबाचाच आहे. म्हणून जुनं डिझेल घेतलं की आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत किती दाब तयार होतो ते मोजायचं. माझे आकडे आले २८, २७, २८ आणि चौथ्याचा २१ बार. ज्या मिस्त्रींना दाखवलं ते म्हणाले, इंजिनाचं काम निघालंय, पिस्टन-लायनर सगळं करावं लागेल. त्यांनी सांगितलेला खर्च माझ्या उरलेल्या पैशांपेक्षा जास्त होता. त्या रात्री मी तुम्हाला फोन केला नाही. आवाजावरून तुम्ही ओळखलं असतं.

दुसऱ्या दिवशी विचार केला की खोलायचंच असेल तर आधी ज्याला पैसे लागत नाहीत ते तरी बघून घेऊ. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हवरचं झाकण उघडलं. बाबा, तुम्ही घड्याळ उघडताना पांढरं कापड पसरून स्क्रू काढलेल्या क्रमाने मांडायचात ना, तसंच कापड मी बॅटरीच्या जागेवर पसरलं होतं. इंजिन हाताने फिरवून एकेका व्हॉल्व्हची फट फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पट्ट्यांनी मोजत गेले. धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ०.३५ मिमीची पट्टी किंचित अडकत जायला हवी. तीन सिलिंडरांवर थोडंफार इकडेतिकडे होतं. चौथ्यावर ०.१० ची पातळ पट्टीसुद्धा शिरेना.

झालं होतं असं, की वर्षानुवर्षं व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर आपटून आपटून ती बैठक झिजते. व्हॉल्व्ह तेवढा आत सरकतो, त्याची दांडी वर येते आणि फट संपते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. टॅपेटचा स्क्रू सैल केला, पट्टी घालून फट नीट लावली, नट कसला, पुन्हा मोजलं. गेज लावून स्टार्टर फिरवला तेव्हा काट्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं. काटा २६ वर थांबला. तसंच आणखी काही दिवस चालवलं असतं तर तो व्हॉल्व्ह जळला असता आणि मिस्त्रींचं म्हणणं खरं ठरलं असतं. त्यांच्यावर राग नाही. त्यांनी आकडा ऐकला, मी फट मोजली, एवढाच फरक.

त्यानंतर थंड इंजिन सुरू होताना पांढरा धूर सोडत अडखळायचं. मल्टिमीटर लावला तर थंड इंजिन आतून तापवणाऱ्या चार हीटर प्लगपैकी दोन मेलेले. चांगल्या प्लगचा रोध एखाद-दुसऱ्या ओहमच्या आत असतो, या दोघांतून काही जातच नव्हतं. चारही बदलले.

मग आठवडाभर एका वेगळ्याच दुखण्याने छळलं. गाडी सुरू व्हायची, पाच मिनिटं छान चालायची आणि श्वास कोंडल्यासारखी बंद पडायची. लक्षण डिझेलच्या नळीत हवा शिरल्याचं, पण कुठेही डिझेलचा एक थेंब गळत नव्हता. शेवटी कळलं की टाकीपासून पंपापर्यंतची नळी डिझेल ओढत असते, ढकलत नाही. तिला चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडला आणि विजेरी धरून बघत बसले. सोनेरी डिझेलमधून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक चालले होते. मागे मागे जात एकेक जोड बदलत गेले, आणि टाकीवरच्या रबरी नळीच्या टोकाला, क्लॅम्पच्या खाली, केसाएवढी चीर सापडली. जुन्या गाड्यांमध्ये हे बरंच दिसतं. कमी गंधकाचं नवं डिझेल आलं तेव्हा जुन्या प्रकारच्या रबराचे सील आकसून गळू लागले होते. मी रबर सगळीकडचंच बदलून टाकलं.

हवा काढली तो क्षण तुम्ही बघायला हवा होता. फिल्टरवरचा हातपंप दाबत राहायचं. आधी तो पोकळ लागतो, मग हळूहळू घट्ट होत जातो. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या नळ्यांचे नट थोडे सैल करून स्टार्टर फिरवला. आधी फेस आला, मग फुसफुस, मग स्वच्छ डिझेल. एकेक नट कसत गेले. पहिल्या सिलिंडरने एकट्याने ठोका दिला, दुसरा मिळाला, आणि चौथा कसला तेव्हा अख्खी चासी थरथरून एका लयीत स्थिरावली. मी तशीच जमिनीवर बसून पंधरा मिनिटं ऐकत राहिले.

नोझलकडे डिझेल दाबाने ढकलणाऱ्या पंपाला मात्र हात लावलेला नाही. बॉशने १९२७ मध्ये असे इंजेक्शन पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला घेतले आणि पुढे डिझेल ट्रक सर्रास दिसू लागले. बाबा, तुमच्या घड्याळांपेक्षाही ते नाजूक काम आहे. आतल्या दांड्याची आणि नळीची फट दोन-चार मायक्रॉन असते, आणि आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. धुळीचा एक कण पुरतो. पंप उघडायची वेळ आलीच तर तो पंप-नोझलवाल्यांकडेच जाईल.

आई, तू सारखी म्हणतेस, गाडीखाली जाऊ नकोस. जावं लागतं गं. पण नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी एकदाही गेलेले नाही. आधी चाकांना अडसर, मग चासीखाली दोन लोखंडी स्टँड, मग गाडी दोन्ही हातांनी जोर लावून हलवून बघायची, आणि मगच खाली. इंजिन चालू असताना नळ्यांची गळती हाताने चाचपायची नाही, समोर पुठ्ठा धरायचा, कारण नोझलचा फवारा कातडीच्या आत घुसतो आणि हात गमवायची पाळी येऊ शकते. खाली जायच्या आधी शेजारच्यांना सांगते आणि बाहेर आले की पुन्हा सांगते. तुला काळजी वाटेल म्हणून हे आधी बोलले नव्हते. आता वाटतं, सांगितलेलंच बरं.

फोर-व्हीलची, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी बाजू त्या मानाने सोपी गेली. पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसचा लो गिअर वापर नसल्याने जाम झाला होता, दांडीचे जोड साफ करून ग्रीस दिल्यावर सुटला. पुढच्या अॅक्सलवरच्या डिफरन्शियलमधून, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरांच्या डब्यातून ऑइलऐवजी दुधाळ पाणी निघालं. कारण शोधलं तर अॅक्सलवरची श्वासनळी चिखलाने बुजलेली. तापलेला अॅक्सल पाण्यात उतरला की आतली हवा थंड होऊन आकसते. नळी बंद असेल तर तो सीलमधून पाणी ओढून घेतो. तारेने नळी मोकळी केली, एक पैसा लागला नाही. गिअरबॉक्सला जीएल-४ प्रतीचं गिअर ऑइल घातलं आणि अॅक्सलला जीएल-५, कारण जीएल-५ मधली गंधकाची द्रव्यं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना बाधू शकतात. कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील लावायचं नाही हेही कळलं. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात, आणि मधे सोडवणूक नसल्याने सगळा पीळ गिअरांवर येतो.

सायलेन्सरचा एक बोल्ट आटे धरून बसला होता, तो तुटता तुटता वाचला. आई, बरणीचं झाकण अडकलं की तू गरम पाण्याखाली धरतेस, बाहेरचं आधी फुगतं आणि मग सुटतं. मी नटाला गॅसच्या टॉर्चने तसंच तापवलं, थोडं थांबले, पाना लावला, आणि तो चिंऽऽ करून फिरला. त्या वेळी तुला हाक मारावीशी वाटली.

आता वायरिंगचं थोडं काम उरलंय, मग पत्रा, आणि मग रंग. रंग कोणता ते आईने ठरवायचं. दोन-तीन छटा कळव, मी दाराच्या आतल्या बाजूला लावून फोटो पाठवते.

आणि एक काम तुम्हा दोघांसाठी. ट्रकची बैठक जमिनीपासून बरीच उंच आहे आणि आईचा गुडघा मला ठाऊक आहे. दाराखाली पाय ठेवायला एक फळी वेल्ड करायची आहे आणि आत धरायला दांडा लावायचा आहे. फळीच्या उंचीचा अंदाज मला करायचा नाही. बाबा, घराच्या पुढच्या दाराच्या तीन पायऱ्यांपैकी आई जी आधार न घेता चढते, तिची उंची टेपने मोजा. आईला त्या पायरीवर उभी करा, आणि तिचा हात सहज पोचतो तिथपर्यंतची उंचीही मोजा. दोन्ही आकडे सेंटिमीटरमध्ये हवेत. वेल्डर पुढच्या रविवारी येणार आहे, तेवढं शनिवारपर्यंत कळवा.

तुमची,
लेक